घटातली माती

आमच्या घरात मातीवरून जितके वाद झाले तितके दुसऱ्या कशावरूनही झाले नसतील. बाबा जमिनीची तपासणी करणारे इंजिनिअर होते. दोह्याच्या वेस्ट बेमध्ये नवा टॉवर उभा राहायचा असला की आधी त्यांचं ड्रिलिंगचं मशीन तिथं जायचं, खोल भोक पाडायचं, खालच्या खडकाच्या लांबट कांड्या वर काढायचं, आणि बाबा त्या कांड्या लाकडी खोक्यात ओळीनं लावून त्यांच्याकडे अशा कौतुकानं बघायचे की आई म्हणायची, "माझ्याकडे कधी बघितलं होतंत का असं?" बाबांच्या लेखी वरची माती म्हणजे अडगळ. प्रत्येक अहवालात ते एक वाक्य लिहायचेच, की वरचा थर खरवडून काढून टाकावा. आई वनस्पतिशास्त्राची. तिच्या मते जगात जे काही घडतं ते त्या वरच्या वीतभर थरात घडतं, खाली नुसते धोंडे. पिठलं आणि खुबूस, म्हणजे इथली रोटी, खाताना हा वाद सुरू व्हायचा आणि तिथंच थांबायचा, कारण पिठलं गार होऊ देणं दोघांनाही मंजूर नव्हतं.

आम्ही अल नस्रमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन बेडरूम, एक हॉल, एकाच माणसाला उभं राहता येईल असं स्वयंपाकघर आणि त्याला लागून खिडकी नसलेली स्टोअररूम. त्या स्टोअररूममध्ये आमचा निम्मा सातारा आणि निम्मं पुणं कोंबलेलं होतं: भाजणीचे डबे, गोडा मसाला, पापडांची चळत, गणपतीचं मखर, कढया, आणि तळाशी कोणी न उघडलेले पत्र्याचे डबे. खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, करक चहाचा वेलदोड्याचा वास जिन्यानं वर यायचा आणि आईच्या हिंगाच्या फोडणीला दारात भेटायचा. एसी वर्षाचे दहा महिने घरघरत असायचा. तो बंद झाला की घर इतकं शांत व्हायचं की मला भीती वाटायची. आई-बाबा माझ्याशी मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. "रेवा, ताटं घे गं," म्हटलं की "कमिंग आई, टू मिनिट्स." मला सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की शाळेचीच भाषा बाहेर पडायची. आज हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, हे आईनं पाहिलं असतं तर पहिल्यांदा ऱ्हस्वदीर्घ तपासले असते.

आईचा प्रबंध अर्धा राहिलेला होता, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणी तिचा उच्चार करत नसे. लग्नाआधी ती पुण्याहून सलग तीन उन्हाळे गढवालच्या डोंगरात गेली होती. तिथं झाडांची हद्द संपली की त्याच्या वर मोकळी कुरणं लागतात, त्यांना तिथले लोक बुग्याल म्हणतात. या बुग्यालांवर एक गवत ठोंब करून, झुबक्याझुबक्यानं वाढतं. एकेक ठोंब कधी मुठीएवढं, कधी घमेल्याएवढं. एकच गवत, एकच डोंगर, मग इथं मुठीएवढं आणि शंभर पावलांवर घमेल्याएवढं का, एवढाच तिचा प्रश्न. तिचं म्हणणं असं, की हे सगळं उतार आणि माती ठरवतात. धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, वारा माती टिकू देत नाही, म्हणून तिथली ठोंबं खुरटी. दक्षिणेच्या उतारावर बर्फ लवकर वितळतं आणि माती लवकर सुकते. उत्तरेच्या उतारावर बर्फ उशिरापर्यंत राहतं, माती काळी आणि खोल होते, ठोंबं तिथं सगळ्यांत मोठी. आणि खळग्यात पाणी साचून माती आंबट होते, तिथं ते गवत पाऊलच ठेवत नाही. तिनं ठोंबं मोजली, नकाशे काढले. शेवटच्या उन्हाळ्यात चारही जागांची प्रत्येकी तीन ठिकाणची माती आणली, वाळवली, चाळली. ती तपासायची तेवढी राहिली आणि लग्न ठरलं. मग दोहा, मग मी. जुनी नोंदणीही कधीच संपून गेली. दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती शाळेतल्या मुलांना बायॉलॉजी शिकवायची, आणि पानाचा छेद काढताना तिची पेन्सिल जरा जास्तच वेळ रेंगाळायची, हे मला तेव्हाही दिसायचं.

शुक्रवारी आम्ही गाडी काढून शहराबाहेर जायचो. सगळीकडे सपाट, पिवळट, खडेच खडे. पण मध्येच कुठंतरी जमीन थोडी खोलगट होते, वर्षात एखाददुसरा पाऊस पडला की आजूबाजूचा गाळ वाहून तिथं बसतो, आणि तेवढ्या तुकड्यात हिरवं दिसतं. त्याला इथं रौदा म्हणतात. आमच्या नेहमीच्या रौद्यात बोरीसारखी काटेरी झुडपं होती आणि कडेच्या वाळूत थुमाम नावाचं गवत. तेही ठोंब करूनच वाढणारं. वाऱ्याबरोबर येणारी वाळू त्याच्या बुडाशी अडकून प्रत्येकाखाली छोटा उंचवटा झालेला. आई तिथं पोचली की चप्पल काढायची, ओढणी कमरेला बांधायची आणि उकिडवी बसून एकेका ठोंबाचा घेर टेपनं मोजायची. "हे बघ, वाळूत केवढं आहे! आणि तिथं कठीण जमिनीवर? शोधून दाखव एक तरी. चार बोटं उताराचा फरक आहे, रेवा, फक्त चार बोटं." बाबा थर्मासमधला चहा ओतत म्हणायचे, "खाली पाच मीटरवर चुनखडक आहे, मला विचार." आणि मी गाडीच्या सावलीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. आज त्या दुपारींपैकी एक जरी परत मिळाली तरी मी तो मोबाइल काचेतून बाहेर फेकून देईन.

माझं अकरावीचं वर्ष. घटस्थापना शनिवारी आली, म्हणून शाळा नव्हती. बाबा पहाटेच साइटवर गेले होते. आई दरवर्षी स्वतः घट बसवायची, पण त्या दिवशी सकाळीच तिची पाळी आली. हे विटाळबिटाळ थोतांड आहे असं ती मला बायॉलॉजीच्या वहीवर चित्र काढून समजावायची. पण घट बाबांच्या घरचा, साताऱ्याचा, आणि तिथं बाबांची मोठी बहीण, आमची विमलआत्या, व्हिडिओ कॉल लावून सगळं नीट होतंय का ते बघणार होती. आत्याशी खोटं बोलणं आईला जमत नसे. "माझं आणि विज्ञानाचं चार दिवस पटत नाही असं समज," म्हणाली आणि बेडरूमचं दार लावून घेतलं. घट बसवायची जबाबदारी माझ्यावर आली.

मी मोबाइल धान्याच्या डब्याला टेकवून उभा केला. आत्याचं अर्धं कपाळ आणि एक डोळा पडद्यावर आला. "परडी घेतली का? तिच्यात आधी पान घाल. आता माती. बाळा, रानातली काळी माती घ्यायची बरं का, ती पिशवीतली खताची नव्हं. खताची माती देवाला चालती व्हय?" आमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये नेमकी तीच होती, पांढऱ्या दाण्यांची. मी दाराशी जाऊन ओरडले, "आई, व्हिच सॉइल?" आत ती कोणाशी तरी फोनवर बोलत होती. पलीकडचं ऐकत ऐकतच म्हणाली, "स्टोअरमध्ये ठेवलीय बघ, घटासाठीच आणलीय." तिनं एका ओळखीच्या बाईंकडून आणलेली मातीची पिशवी तांदळाच्या गोणीमागे ठेवली होती. ती मला दिसली नाही. मला दिसला तो खालचा पत्र्याचा डबा. उघडला तर आत कापडाच्या बारा छोट्या पिशव्या, प्रत्येकीला नाडी, प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर फिकट शाईत एखादं अक्षर आणि आकडा. आत चाळलेली, स्वच्छ माती. एखादी काळीभोर, एखादी तपकिरी. मला वाटलं, आई दरवर्षीच्या घटाची माती अशी बांधून ठेवते. आमच्या घरात ज्या प्रकारे मसाले बांधून ठेवले जायचे, ते पाहता यात मला काही नवल वाटलं नाही.

परडी मोठी होती. मी बाराच्या बारा पिशव्या तिच्यात ओतल्या आणि हातानं छान एकजीव केल्या. "आता गं माझी बाय!" आत्या खूश झाली. "अशी माती तुमच्या त्या वाळवंटात कुठनं गावली?" मी गहू पेरले, मधोमध सुगड ठेवलं, पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. रिकाम्या पिशव्या घडी घालून डब्यात परत ठेवल्या, कारण आईला पसारा आवडत नसे.

त्या वर्षी घट असा उगवला की पाहत राहावं. चौथ्या दिवशी हिरवी टोकं वर आली आणि सातव्या दिवसापर्यंत सुगडाचा गळा दिसेनासा झाला. आत्या रोज कॉल करून बघायची आणि म्हणायची, "आवंदा रान पिकणार, लिहून ठेवा." आई न्हाऊन बाहेर आली तेव्हा तीही परडीसमोर वाकून म्हणाली, "काय गं, काय जोमदार आलीत रोपं! त्या बाईंकडची माती चांगली निघाली की." मी फुशारून गेले.

सातवा दिवस शुक्रवार होता. जेवायला वरण-भात, बटाट्याची भाजी आणि उपवास मोडायला भाग पाडणारी कोथिंबीरवडी. आईनं वाढून घेतलं आणि ताटाकडे बघतच सांगितलं, "मॅडमचा फोन होता, घट बसले त्या दिवशी." मॅडम म्हणजे पाटणकर मॅडम, तिच्या पुण्याच्या मार्गदर्शक. त्यांनी खटपट करून आईची नोंदणी नव्यानं करून घेतली होती. उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या, त्याच्या आत प्रबंध द्यायचा. मोजमापं सगळी होती, मातीचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. "माती माझ्याजवळ आहे. वाळवलेली माती वर्षानुवर्षं टिकते," आई म्हणाली. "तुमच्या लॅबमध्ये होईल ना हो तपासून?" बाबांचा घास हातातच राहिला. "तू ती माती इथं आणलीस?" "लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हाच. एअरपोर्टवरच्या माणसानं एक पिशवी उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत बांधून दिली. स्टोअरमध्ये पत्र्याच्या डब्यात आहे. बारा पिशव्या." बाबा म्हणाले, "यल्ला, चला! दसरा झाला की रविवारी नेतो." आई हसली. तिचं तसं हसू मी आधी पाहिलंच नव्हतं. कानापर्यंत लाल झाली होती. आणि मी मान वळवून त्या हिरव्यागार परडीकडे बघितलं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य मी मनात किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही. पण मी सोळा वर्षांची होते, आई कानापर्यंत लाल झाली होती, आणि मला एक युक्ती सुचली. माती हरवलेली तर नव्हती, परडीतच होती. सगळी एकाच डोंगरावरची. माती ती माती, असं बाबा रोज म्हणायचेच. दसऱ्याला घट उठले, आम्ही हिरवे कोंब कानामागे खोवले, आणि परडीतली माती कुंडीत घालण्याचं काम मी आपणहून मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी ती गच्चीवर जुन्या चादरीवर पसरली. दोह्याच्या उन्हानं दुपारपर्यंत तिचा पापड केला. मी मुळं वेचली, गुठळ्या लाटण्यानं फोडल्या, पिठाच्या चाळणीनं माती चाळली आणि वाटीनं मोजून बारा पिशव्यांत भरली. समोर वेस्ट बेचे टॉवर चमकत होते, आणि मी घामानं भिजून नाड्या बांधत होते. चाळणी तीनदा धुतली. रविवारी बाबा डबा घेऊन गेले.

निकाल यायला जेमतेम आठवडा लागला. बाबा संध्याकाळी कागद घेऊन आले आणि बूटही न काढता म्हणाले, "वैशाली, जरा बघ. मी टेक्निशियनला दोनदा विचारलं." बारा ओळी होत्या. आंबटपणा, सेंद्रिय अंश, वाळू किती, गाळ किती. बाराही ओळींत जवळपास तेच आकडे. आईनं कागद उभा धरून वाचला, मग आडवा धरून वाचला. बाबा म्हणाले, पुन्हा करून घेऊ. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आई बाबांना एवढंच म्हणाली, "तुमच्या लॅबची चूक नाहीये. चूक माझीच आहे. धार, उतार, खळगा, सगळीकडे माती एकच. मला तेव्हा जे बघायचं होतं तेच मी बघत होते." आवाज अगदी साधा होता. मग ती उठून कुकर लावायला गेली. शिकवण्यांना येणाऱ्या मुलांसमोर ती पूर्वीसारखीच बसायची, पण आता पानाचा छेद पुस्तकात बघून काढायची. जेवताना बाबांनी मुद्दाम मातीला नावं ठेवली तर ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." हे ऐकून बाबांचा चेहरा जो पडला, तो मला अजून आठवतो. मीही त्याच टेबलाशी होते. भात कालवत होते, गृहपाठ करत होते, आणि रोज ठरवत होते की उद्या सांगू.

पुढच्या शुक्रवारी बाबा हट्टानं आम्हाला रौद्यात घेऊन गेले. आई गाडीतून उतरलीच नाही. बाबा बाहेरून ओरडले, "वैशाली, अगं बघ तरी, हे ठोंब केवढं झालंय!" ती म्हणाली, "तुम्ही बघा." तिनं काच वर केली. एसीची घरघर आणि आम्ही दोघी, ती पुढे, मी मागे. तिच्या मांडीवर मोबाइल होता आणि त्यावर मॅडमना लिहिलेली मेल उघडी होती. मला मागून दिसत होतं. आपण प्रबंध मागे घेत आहोत, आपल्या निरीक्षणांना आधार नाही, आपल्यामुळे मॅडमचा वेळ गेला, असं सगळं. "घरी गेल्यावर पाठवते," ती स्वतःशीच म्हणाली. "खलास."

"आई, माती मी मिक्स केली."

मराठीत म्हणाले. का ते मला माहीत नाही. इंग्रजीत ते वाक्य माझ्याजवळ नव्हतंच. आईनं मागे वळून पाहिलं. मी एका दमात सगळं सांगितलं: परडी, आत्या, पिशव्या, गच्ची, चादर, वाटी. मला वाटलं ती ओरडेल. पण ती प्रश्न विचारायला लागली, परीक्षेला बसलेल्या मुलीला विचारावे तसे.

"बाराच्या बारा?"

"हो."

"एकाच परडीत? नीट मिसळलीस?"

"खूप नीट."

"गहू किती दिवस होते? मुळं काढलीस सगळी? चाळणी कुठली?"

"पिठाची."

"हळदकुंकू?"

"पडलं असेल थोडं. सॉरी, आई. आय मीन..."

तिनं मांडीवरचा मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे ते आकडे अख्ख्या डोंगराची सरासरी आहेत." आणि एकदम दार उघडून उतरली. चप्पल गाडीतच राहिली. ती तापलेल्या खड्यांवरून बाबांकडे चालत सुटली आणि ओरडायला लागली, "अहो! अहो, मी चुकले नव्हते! हिनं माझी सगळी माती घटात घातली! अहो, मी चुकले नव्हते!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबांच्या हातातला चहा त्यांच्याच पायावर सांडला. मीही उतरले. मला वाटलं, संपलं, सुटले. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. हसू ओसरलं होतं.

"माती गेली त्याचं मला काही नाही, रेवा," ती म्हणाली. "तू मुद्दाम केलं नाहीस, आणि स्टोअरमध्ये बघ असं मीच म्हटलं होतं. पण पंधरा दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते. वीस वर्षांपूर्वीची ती मुलगी मूर्ख होती असं समजत होते. आणि तू शेजारी बसून जेवत होतीस."

घरी आल्यावर आईनं मॅडमना ती मेल पाठवली नाही, दुसरी लिहिली, आणि तिच्यात जे झालं ते जसंच्या तसं कळवलं, घटासकट. मॅडमचं उत्तर दोन ओळींचं होतं. आयुष्यात पुष्कळ नमुने खराब झालेले पाहिले, पण देवीच्या कामाला आलेले पहिलेच. बर्फ पडायच्या आत जाऊन नवीन आणणार का?

बर्फ पडायला फार तर दोन-तीन आठवडे होते. बाबांचं मोठं काम चालू होतं, त्यांना रजा मिळणं शक्य नव्हतं. माझ्या परीक्षा. लग्नानंतर आई एकटी कुठंही गेली नव्हती, दोह्याहून मुंबईलासुद्धा नाही. आत्या फोनवर म्हणाली, "त्या वयात ठीक हुतं गं, आता गुडघं हायती का डोंगर चढायला?" आई माझ्याशी तोपर्यंत कामापुरतंच बोलत होती. तिनं रात्रीच्या जेवणाचं ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, "मी जाते. रेवा घर बघेल." ही शिक्षा आहे की माफी, ते मला कळलं नाही. मी मान हलवली. तीन आठवडे मी रोज पोळ्या केल्या. बाबांनी एकाही पोळीला नाव ठेवलं नाही. नकाशासारख्या पोळ्या ते मुकाट्यानं भाजीत बुडवून खात होते. बुग्यालवर फोन लागत नसे. खालच्या गावात उतरली की आईचा एखादा निरोप यायचा: "धार झाली." "उत्तर उतार झाला, पाय बरे आहेत." "खळग्यात काल बर्फ भुरभुरलं, पण काम झालं." बाबा तो निरोप साइटवर आपल्या ड्रिलिंगच्या माणसांना वाचून दाखवायचे. त्यांतले दोघं गढवालचेच होते, बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत राहणारे, आणि आमच्या वहिनी आमच्या डोंगरात गेल्यात म्हणून ते रोज बाबांना विचारायचे, आज कुठवर पोचल्या.

नवी माती आईनं पुण्यालाच मॅडमच्या विभागात दिली आणि ती परत आली. रापलेली, बारीक झालेली, नाकाची साल निघालेली. मला तिनं जवळ घेतलं, पण त्या दिवसाबद्दल काही बोलली नाही. निकाल आला तेव्हा ती कणीक मळत होती. मोबाइल वाजला, हात बरबटलेले, म्हणून म्हणाली, "वाच गं. सावकाश वाच. आधी आंबटपणा, मग सेंद्रिय."

मी ओट्यापाशी उभी राहून वाचायला लागले. खळग्याच्या तीन ओळी, आंबट. आईनं डोळे मिटले आणि मान हलवली. दक्षिण उतार, रेताड, हलका. मान हलली. उत्तर उतार, सगळ्यांत सकस. परातीतले तिचे हात थांबले होते. मग धार. मी पहिला आकडा वाचला आणि थबकले. दुसरा, तिसरा. धारेवरची माती गरीब नव्हती. जवळपास उत्तरेच्या उताराइतकीच सकस होती. आईचं म्हणणं इथं सपशेल खोटं ठरत होतं.

"आई," मी घाईघाईनं म्हणाले, "मी काही केलं नाहीये. खरंच. मी हातसुद्धा लावला नाही."

आईनं डोळे उघडले. "परत वाच धार."

मी वाचलं. ती स्वयंपाकघराच्या त्या एका माणसाच्या जागेत सरळ खाली फरशीवर बसली, पिठाचे हात गुडघ्यांवर. "मेंढ्या," ती म्हणाली. "अगं, मेंढ्या बसतात धारेवर. मेंढपाळ रात्री तिथंच बसवतात कळप, सगळं लेंडीखत तिथं पडतं, मी तीन उन्हाळे बघितलंय. माती गरीब नाहीच तिथली. मग ठोंब का खुरटं? वारा? की मेंढ्याच खातात?" ती वर बघून हसली, आणि तेव्हा तिच्या कानांवर परत तो लाल रंग चढलेला मी पाहिला. "तू नाही काही केलंस, माहितीये मला. ही माझी चूक आहे, रेवा. अगदी माझी स्वतःची." आणि फरशीवरूनच तिनं मला सगळ्या बारा ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावल्या.